रात्री आठनंतर गावाकडची बस का नसते?

पर्वरीतल्या उन्नत मार्गाचे काम सुरू झाले तेव्हापासून पणजी-म्हापसा रस्त्यावरची कोंडी हा रोजच्या बातम्यांचा विषय झाला. चर्चा होते ती पर्यायी रस्त्यांची, सिग्नलची, वाहतूक पोलिसांची. वाळपईहून, पेडण्याहून, काणकोणहून किंवा सीमेपलीकडच्या बांदा-दोडामार्गहून रोज कामाला येणाऱ्या माणसाची खरी अडचण मात्र कोंडी सुटल्यावरही शिल्लक राहते. त्याला सकाळी यायला बस आहे, पण परत जायला नाही. दुकान साडेआठला बंद होते, हॉटेलातली पाळी दहाला संपते, बांबोळीच्या इस्पितळात सफाईला असलेली बाई रात्री नऊला मोकळी होते. तोवर गावाकडची शेवटची बस कधीच निघून गेलेली असते.

मग माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो. घरात दोघे कमावते असतील तर दोन दुचाकी येतात. ज्याला दुचाकी परवडत नाही किंवा चालवता येत नाही, तो ती नोकरीच सोडतो. अशी नोकरी सोडणाऱ्यांत बायका किती आहेत, हे आपल्या आजूबाजूच्या कुठल्याही वाड्यावर विचारून पाहावे.

ही बस का नाही, ती चालवायला किती खर्च येईल आणि तो कोणी द्यायचा, हे पायरीपायरीने पाहू. हिशेब अवघड नाही. पण आपल्याकडे तो लोकांसमोर मांडला जात नाही, म्हणून दर वेळी चर्चा 'कदंब (म्हणजे गोव्याचे सरकारी बस महामंडळ) तोट्यात आहे' या एका वाक्यावर येऊन थांबते.

आज स्थिती काय आहे

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या आज त्याच्याही पुढे गेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या दर शंभर घरांपैकी सुमारे ४५ घरांत मोटार आढळली. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. वरवर पाहता ही सुबत्तेची खूण वाटते, आणि काही अंशी ती आहेही. पण उरलेल्या पंचावन्न घरांतली माणसे कशी फिरतात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

सार्वजनिक बससेवा दोन भागांत वाटली गेली आहे. एकीकडे १९८० मध्ये स्थापन झालेले कदंब परिवहन महामंडळ, म्हणजे सरकारी बस. दुसरीकडे एक-दोन गाड्यांचे मालक असलेले शेकडो खासगी बसवाले. खासगी बसवाल्याला सरकारकडून एका मार्गाचा परवाना मिळतो, तिकिटाचा दर सरकार ठरवते, आणि दिवसभराच्या तिकिटांतून जे जमेल ते त्याचे. डिझेल, बँकेचा हप्ता, विमा, टायर आणि चालक-वाहकाचा रोज त्यातूनच सुटायचा. पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा, पणजी-वास्को या मार्गांवर कदंबची शटल चांगली चालते. खिडकीवर तिकीट घ्या, रांगेत उभे राहा, बसा. मोठ्या शहरांच्या जोडमार्गांवर दिवसा तक्रारीला फारशी जागा नाही. अडचण सुरू होते ती शहरातून गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर आणि सूर्य मावळल्यावर.

या अडचणीची किंमत पैशांपलीकडची आहे. अलीकडच्या वर्षांत गोव्याच्या रस्त्यांवर दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत सर्वाधिक दुचाकीवरची. पावसात, अंधारात, बारा तासांची पाळी करून थकलेला मुलगा तीस किलोमीटर दुचाकी हाकत घरी जातो. त्याला दुसरा मार्गच ठेवलेला नाही. अपघातानंतर आपण वेगाला आणि हेल्मेटला दोष देतो; त्या वेळी त्या रस्त्यावर बस होती का, हे विचारत नाही.

रस्ते रुंद केले की सुटेल ना?

गेल्या काही वर्षांत गोव्यात रस्त्यांवर खूप काम झाले. २०१९ च्या जानेवारीत मांडवीवर अटल सेतू खुला झाला. २०२२ च्या डिसेंबरात नव्या झुवारी पुलाची एक बाजू आणि वर्षभराने दुसरी खुली झाली. झुवारीवर तासन् तास अडकून पडण्याचे हाल ज्यांनी सोसले, त्यांना या पुलाचे मोल सांगायला नको. तो हवाच होता.

तरीही कोंडी पुढच्या नाक्यावर सरकली, हेही सगळ्यांनी पाहिले आहे. कारण समजायला सोपे आहे. रस्ता मोकळा झाला की पूर्वी कंटाळून घरी बसणारे लोक बाहेर पडतात, बसने जाणारे गाडी काढतात, आणि कोणी वीस किलोमीटर लांब घर घेतो, कारण 'आता अर्ध्या तासात पोचतो'. दोन-चार वर्षांत नवी जागा भरते. ज्याला वाहतूकशास्त्रात 'ओढवलेली मागणी' म्हणतात ती हीच. २०११ मध्ये डुरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी शहरांचा अभ्यास छापला. महामार्गांच्या मार्गिका जेवढ्या प्रमाणात वाढल्या, जवळपास तेवढ्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढली, असे त्यांना आढळले.

जागेचा हिशेब तर त्याहून सरळ आहे. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर पन्नास माणसांना तेहेतीस-चौतीस मोटारी लागतात. संथ रांगेत एका मोटारीला सात मीटर धरले तरी ही रांग दोनशे मीटरच्या पुढे जाते. तीच पन्नास माणसे बारा मीटरच्या एका बसमध्ये बसतात. पणजीत मांडवीच्या काठाला आणखी रस्ता कुठून आणणार?

एका फेरीचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. खालचे आकडे मी हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. कुठल्याही एका मार्गाचे म्हणून ते वाचू नयेत.

समजा गाव ते पणजी ३० किलोमीटर. डिझेल, पगार, दुरुस्ती, हप्ता सगळे धरून बस चालवण्याचा खर्च किलोमीटरला ७० रुपये. म्हणजे एका फेरीला २,१०० रुपये. लोक वाटेत चढतात-उतरतात, तेव्हा सरासरी तिकीट ३० रुपये धरू. खर्च भरून निघायला फेरीत ७० प्रवासी हवेत.

सकाळी साडेसातच्या फेरीला वाटेतले चढउतार धरून ८५ प्रवासी मिळतात. २,५५० रुपये जमा, ४५० रुपये शिल्लक. रात्री साडेआठच्या फेरीला मिळतात १५ प्रवासी. ४५० रुपये जमा, १,६५० रुपये पदरचे. बसमालक शहाणा माणूस आहे. तो रात्रीची फेरी बंद करतो. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. घर त्यालाही चालवायचे आहे.

खरी गोम पुढे आहे. रात्रीची बस गेली की फक्त ते पंधरा प्रवासी जात नाहीत. सकाळच्या ८५ जणांत असे तीस तरी असतात, ज्यांना आठवड्यातून एक-दोनदा उशीर होतो. कधी साहेब थांबवून घेतो, कधी बाजार उरकायचा असतो, कधी लेकीचा क्लास लांबतो. रोज संध्याकाळी सहाला निघणाऱ्या माणसालाही 'आज उशीर झाला तर?' ही धास्ती असते. ती धास्ती त्याला दुचाकी घ्यायला लावते. आणि एकदा दुचाकी दारात आली, तिचा हप्ता सुरू झाला, की तो सकाळी तरी बसने कशाला येईल?

ते तीस प्रवासी गेल्यावर सकाळच्या फेरीत उरले ५५. जमा १,६५० रुपये. जी फेरी ४५० रुपये कमावत होती, ती ४५० रुपये गमावू लागली. मालक तीही आखडती घेतो. साडेसात आणि आठ अशा दोन फेऱ्यांची एकच पावणेआठची होते. मग आणखी काही जण गळतात. गोव्यातले कित्येक ग्रामीण मार्ग याच उतरणीवरून खाली आले आहेत. प्रत्येक पायरीवर प्रत्येकाने आपापल्या परीने योग्यच निर्णय घेतला, आणि शेवटी बस गेली.

याचा अर्थ असा, की रात्रीची रिकामी दिसणारी बस सकाळच्या भरलेल्या बसला धरून ठेवते. फेरीवार नफा-तोटा मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. संपूर्ण मार्गाचा, संपूर्ण दिवसाचा हिशेब एकत्र मांडला तरच दिसेल.

नेम आणि अंतर

पोदेर, म्हणजे घरोघरी पाव विकणारा, सकाळी ठरल्या वेळी भोंपू वाजवत येतो म्हणून घरोघरी चहा त्याच्या वेळेवर ठेवला जातो. तो एक दिवस सहाला, एक दिवस आठला आणि एक दिवस आलाच नाही, असे झाले तर लोक आदल्या रात्रीच दुकानातून पाव आणून ठेवतील. बसचेही तसेच. तिचा नेम असला तरच लोक आपला दिवस तिच्याभोवती रचतात.

नेमाइतकेच महत्त्वाचे असते दोन बसमधले अंतर. तासाला एक बस असेल तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर आलेल्याला सरासरी अर्धा तास थांबावे लागते. वीस मिनिटांना एक असेल तर दहा मिनिटे. प्रवासाला पाऊण तास लागत असेल तर पहिल्या माणसाचा सव्वा तास जातो, दुसऱ्याचा पंचावन्न मिनिटे. रस्ता एक इंचही रुंद न करता, बस जराही वेगाने न पळवता, वीस मिनिटे वाचली.

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये यातली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. रस्त्यावर एक गाडी वाढली की आधीच्या सगळ्यांना त्रास होतो. बसमार्गावर प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, आणि आधीच्या सगळ्यांचे थांबणे कमी होते. म्हणजे नवा प्रवासी तिकिटाच्या पैशांखेरीज इतरांचा वेळही वाचवतो, पण त्याचा मोबदला तिकिटात कुठेच येत नाही. सरकारने बससेवेत पैसा का घालावा, याला दयाबुद्धीपलीकडचे कारण आहे ते हे. हे एकदा नीट समजले की 'बस स्वतःच्या पायांवर का उभी राहत नाही' हा प्रश्न निराळ्या नजरेने पाहता येतो.

पैसे प्रवाशांमागे की किलोमीटरमागे?

खासगी बस थांब्यावर का रेंगाळते? वाहक ओरडून माणसे का गोळा करतो? पुढच्या बसला मागे टाकायला ती वळणावर का पळते? कारण त्याची कमाई प्रवाशांच्या संख्येवर आहे. त्याच मार्गावरच्या दुसऱ्या बसचा प्रवासी म्हणजे त्याचे गेलेले पैसे. अशा व्यवस्थेत वेळापत्रक पाळणारा माणूस उपाशी राहतो.

दुसरी पद्धत आहे किलोमीटरनिहाय कराराची. सरकार किंवा महामंडळ मार्ग आणि वेळा ठरवते, तिकिटाचे पैसे स्वतः घेते, आणि बसमालकाला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेली रक्कम देते. बसमध्ये पाच माणसे असोत की पन्नास, मालकाचे पैसे ठरलेले. बस वेळेवर आली नाही, फेरी चुकली, तर दंड. लंडनच्या लाल बसगाड्या खासगी कंपन्या अशाच करारांवर चालवतात; प्रवाशाला त्या सगळ्या एकाच सेवेच्या वाटतात.

गोव्यात याची सुरुवात झाली आहे. 'म्हजी बस' योजनेत खासगी बसमालक आपली गाडी कदंबच्या व्यवस्थेखाली, किलोमीटरच्या हिशेबाने चालवू शकतात. विचार योग्य आहे, म्हणूनच तिच्याकडे बारकाईने पाहायला हवे. अशी योजना दोन ठिकाणी मोडते. एक, मालकाचे पैसे महिनोन्महिने थकले तर. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो, आणि दोनदा हात पोळलेला बसवाला तिसऱ्यांदा सरकारच्या शब्दावर गाडी लावणार नाही. दोन, करारात रात्रीच्या फेऱ्या लिहिलेल्याच नसतील तर. मग सरकार किलोमीटरचे पैसे देणार आणि बस तरीही सातला बंद होणार.

खासगी बसवाल्यांचा पोटापाण्याचा प्रश्न इथेच सुटतो, असे मला वाटते. त्यांना मार्गावरून हटवण्याची गरज नाही. त्यांच्याकडे गाड्या आहेत, चालक आहेत, प्रत्येक वाड्याची आणि वळणाची माहिती आहे. त्यांना प्रवाशांमागे धावण्यातून सोडवायचे आहे.

पैसा आणायचा कुठून

पुन्हा धरलेले आकडे घेऊ. राज्यभर ३०० बस वाढवल्या, प्रत्येक बस दिवसाला २०० किलोमीटर धावली, तर रोजचे ६०,००० किलोमीटर होतात. ७० रुपयांच्या दराने दिवसाला ४२ लाख, वर्षाला सुमारे १५३ कोटी. यातला निम्मा खर्च तिकिटांतून निघाला तर उरतात ७७ कोटी. गोव्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या घरातला आहे. म्हणजे हे ७७ कोटी त्याच्या पाव टक्क्याहून थोडे अधिक. रक्कम मोठी आहे, पण राज्याला न पेलणारी नाही.

अडचण रकमेपेक्षा तिच्या स्वरूपात आहे. पूल बांधायचा तर पैसा एकदाच लागतो, केंद्राकडून मिळतो, कर्ज काढता येते, आणि शेवटी फीत कापता येते. बस चालवायला दर महिन्याला पैसा लागतो, कायमचा. केंद्राच्या योजनांतून नव्या बसगाड्या मिळतात. पाचव्या वर्षी त्यांच्या चालकाचा पगार आणि नवे टायर कुठून येणार, हे राज्यालाच ठरवावे लागते. म्हणून बससाठी असे उत्पन्न हवे जे दरवर्षी आपोआप येईल आणि दुसरीकडे वळवता येणार नाही.

पार्किंग हा त्याचा सर्वात जवळचा मार्ग. एका उभ्या मोटारीला बारा-पंधरा चौरस मीटर जागा लागते. पणजीत तेवढ्या जागेचे दुकान भाड्याने घ्यायला किती पडते ते विचारा, आणि रस्त्यावरची तीच जागा दिवसभर जवळजवळ फुकट मिळते हे शेजारी ठेवा. पणजी, म्हापसा, मडगाव आणि किनारपट्टी मिळून पाच हजार जागांना दिवसाला शंभर रुपये मिळाले, तर वर्षाच्या तीनशे दिवसांत १५ कोटी होतात. अट एकच: हा पैसा बसच्याच खात्यात जावा, आणि तसे पावतीवर छापलेले असावे.

पर्यटकांचाही वाटा असायला हवा. गोव्यात वर्षाला कोटीच्या घरात पर्यटक येतात आणि भाड्याच्या मोटारी-दुचाकींनी तेच अरुंद रस्ते वापरतात. प्रत्येकाकडून मुक्कामाच्या बिलात एकदा वीस रुपये घेतले तरी २० कोटी होतात. स्वित्झर्लंडमध्ये बासेल आणि जिनिव्हा इथे हॉटेलात उतरणाऱ्याला स्थानिक बस-ट्रामचा मोफत पास मिळतो, आणि त्याचा खर्च पर्यटक करातून निघतो. पाहुण्याला बस मिळते, यजमानालाही.

तिसरा मार्ग जमिनीचा, आणि गोव्यात तो सर्वात मोठा आहे. नवा पूल, नवा रस्ता, मोपाचा विमानतळ झाला की आसपासच्या जमिनीचा भाव चढतो. मालकाने त्यासाठी काही केलेले नसते. वाढ सार्वजनिक पैशातून झालेली असते. शेतजमिनीचे क्षेत्र बदलून ती बांधकामाला मोकळी झाली तर भाव कितीतरी पट होतो. या वाढीचा एक हिस्सा समाजाला परत मिळावा, ही कल्पना जगभर रुळलेली आहे. हाँगकाँगची मेट्रो तर स्थानकांवरच्या आणि आसपासच्या बांधकामातून मोठा पैसा उभा करते. आपल्याकडे २००९ च्या कायद्याने बांधकामावर क्षेत्रफळानुसार इन्फ्रास्ट्रक्चर टॅक्स आहेच. नवा कर न लावता त्यातला ठरावीक टक्का बससाठी राखून ठेवता येईल. शंभर फ्लॅटांची वसाहत उभी राहते तेव्हा रस्त्यावर शंभर-दीडशे गाड्या वाढतात. त्या वसाहतीने बसच्या दोन फेऱ्यांचा भार उचलणे वाजवी आहे.

फ्रान्सने १९७१ मध्ये पॅरिस परिसरात नोकरदार ठेवणाऱ्या कंपन्यांवर वाहतुकीसाठी कर लावला, आणि तो आज देशभर बस-मेट्रोचा मोठा आधार आहे. वेर्ण्यातले कारखाने आपापल्या कामगारांसाठी बसगाड्या ठेवतातच. त्या पैशातून साऱ्यांना वापरता येतील अशा पाळीच्या वेळेच्या बस चालवता आल्या, तर कारखान्याचा खर्च वाढणार नाही आणि वाटेतल्या गावांनाही बस मिळेल. बोलणी करायला हरकत नाही. लंडनने २००३ पासून आणि सिंगापूरने १९७५ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेतले, तसे पणजीत करावे असे मात्र मी आज म्हणणार नाही. आधी बस द्यावी लागेल, मग गाडीवर शुल्क. उलट केले तर भुर्दंड त्याच वाळपईच्या मुलाला पडेल.

'कदंब आधीच तोट्यात आहे, त्यात आणखी पैसे कशाला?'

सार्वजनिक रस्त्याला आपण कधी नफा-तोटा विचारत नाही. नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीत पायी जाणारा आणि दुचाकीवाला तिकीट काढत नाही. दिवाडी-चोडणच्या लोकांनी नदी ओलांडावी म्हणून राज्य तो खर्च सोसते, आणि ते योग्यच आहे. शाळेतल्या मुलांसाठी बालरथ बसगाड्या आहेत, त्यांचा खर्चही सरकार देते. खासगी वाहनालाही राज्याने मदत केली आहे. २०१२ मध्ये पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आणला गेला आणि पेट्रोल लिटरमागे अकरा रुपयांनी उतरले. तो महसूल राज्याने सोडून दिला, आणि त्याचा सर्वाधिक लाभ सर्वाधिक पेट्रोल जाळणाऱ्याला झाला.

पैसे गळण्याची भीती मात्र खरी आहे. त्यावर उत्तर म्हणजे उघडा हिशेब. प्रत्येक मार्गाचे किलोमीटर, प्रवासी, तिकिटाची जमा, चुकलेल्या फेऱ्या आणि दिलेली भरपाई दर महिन्याला जाहीर व्हावी. बसमध्ये जीपीएस आहे, तिकीट यंत्रावर निघते. माहिती तयार आहे, ती बाहेर यायला हवी.

'गोवा विखुरलेला आहे, इथे बस चालणारच नाहीत'

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि वाड्यावाड्यांत पसरलेली घरे पाहिली की तो पटतोही. पण आकडे पाहू. २०११ मध्ये गोव्यात चौरस किलोमीटरला ३९४ माणसे राहत होती. स्वित्झर्लंडमध्ये हा आकडा साधारण दोनशेच्या आसपास आहे, तोही डोंगरदऱ्यांत. तिथे १९८२ पासून रेल्वे ठरावीक अंतराने, दर तासाला त्याच मिनिटाला सुटते, आणि लहान गावांच्या पिवळ्या पोस्ट बस तिच्या वेळेशी जुळवलेल्या असतात. मोठ्या मार्गावर मोठी बस, फाट्यावर छोटी, आणि दोघींची वेळ जुळलेली, ही ती रचना.

आपल्याकडे साखळी, डिचोली, फोंडा, म्हापसा, काणकोण, केपे, कुडचडे ही जोडण्याची नैसर्गिक ठिकाणे आहेत. मुख्य मार्गावर रात्री साडेदहापर्यंत अर्ध्या तासाला बस, आणि ती पोचल्यावर सुटणारी मिनीबस. शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला पायलट. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवर प्रवासी नेणारा पायलट ही गोव्याची जुनी, परवानाधारक सोय. तिला या जाळ्यात मानाने जोडून घेतले पाहिजे.

मेट्रो, रेल्वे आणि मोफत प्रवास

या तिन्हींवर थोडक्यात. उन्नत मेट्रोच्या एका किलोमीटरला शेकडो कोटी लागतात आणि ती भरायला तासाला हजारो प्रवासी एकाच दिशेला हवेत. पंधरा लाखांचे राज्य अनेक दिशांना फिरते. इथे ती रिकामी धावेल. मडगावकरांना स्कायबस, म्हणजे उंच मार्गाखाली लटकून धावणारी गाडीही आठवत असेल. कोकण रेल्वेने चाचणीचा मार्ग उभारला, २००४ च्या सप्टेंबरात चाचणीतच अपघात होऊन एकाचा जीव गेला, पुढे काम रखडले आणि २०१३ मध्ये प्रकल्प कायमचा गुंडाळला गेला. त्या काळात मडगावच्या बसस्थानकावरचे प्रवासी तसेच ताटकळत होते.

रेल्वेचा मार्ग मात्र आहे आणि तो कमी वापरला जातो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोकण रेल्वे आणि वास्कोपासून कुळेपर्यंत दुसरी लाइन. स्थानके गावांपासून लांब असल्याने थिवी ते म्हापसा, करमळी ते पणजी या टप्प्यांवर गाडीच्या वेळेला बस नसेल तर उपयोग नाही. हे जोडकाम स्वस्त आहे.

मोफत प्रवासाबद्दल मतभेद असू शकतात. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभर तो सुरू केला. दिल्लीत २०१९ पासून आणि कर्नाटकात २०२३ पासून महिलांना मिळतो, आणि अनेकींना त्याने घराबाहेर पडता आले. पण तिथे आधी बस होती. गोव्यात आज हाती मर्यादित पैसा असेल, तर तो आधी फेऱ्यांवर खर्च व्हावा. न येणारी बस मोफत असून सत्तरी तालुक्यातल्या बाईला काय उपयोग?

सुरुवात कशी करता येईल

सगळा गोवा एकदम नको. वाळपई-साखळी-डिचोली-पणजी असा एक मार्ग घ्यावा, कारण इथून रोज लांबून येणारे खूप आहेत आणि रात्रीची सोय तुटपुंजी आहे. दक्षिणेत काणकोण-मडगाव घ्यावा. वर्षभर पहाटे साडेपाच ते रात्री साडेदहा, ठरलेल्या वेळेला, किलोमीटरनिहाय करारावर, त्या मार्गावरच्या खासगी बसवाल्यांनाच बरोबर घेऊन. वेळापत्रक प्रत्येक थांब्यावर रंगवून लावावे. मोबाइलवर असले तरी भिंतीवरही असावे. रात्रीच्या फेऱ्यांत दिवे, कॅमेरा आणि ओळखीचा वाहक असावा, म्हणजे बायका निर्धास्त बसतील. पहिले तीन-चार महिने रात्रीच्या बस रिकाम्या दिसतील, त्यांचे फोटोही छापून येतील. तेवढ्यावर फेऱ्या बंद करू नयेत, कारण बसवरचा विश्वास उडायला लोकांना वर्षे लागली होती आणि तो बसायलाही वेळ लागणार.

ग्रामसभेत यासाठी ठराव घेता येतो. त्यात 'बस द्या' एवढे लिहून भागणार नाही. शेवटच्या फेरीची वेळ काय, ती करारात लिहिली आहे का, चुकली तर दंड किती, आणि बसमालकाचे पैसे किती दिवसांत मिळणार, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. वर्ष संपल्यावर जो हिशेब येईल, त्यात रात्रीच्या फेरीचे प्रवासी वेगळे मोजावेत, आणि त्याच मार्गावर सकाळी वाढलेले प्रवासी त्यांच्या शेजारच्या रकान्यात छापावेत.